पक्का दात, पण केव्हा?

सकाळी १०
नागपूरच्या लॅबमधून पार्सल आलंय. लाखनीच्या एका कॉलेजच्या मुलीचा दात. तिचा बाजूचा दात मुळातच आलेला नाही. नव्या दाताला मागून एकच पंख आहे, तो शेजारच्या दाताला चिकटवायचा, कापाकापी जवळजवळ नाही. पूर्वी दोन्हीकडे पंख असायचे. एक सुटला तरी दुसऱ्यावर दात टिकून राही आणि सुटलेल्या पंखाखाली गुपचूप कीड लागे.

११.३०
साकोलीकडचे वडील, सोबत तेरा वर्षांचा मुलगा. दात पडून महिना झालाय.
"मॅडम, याले इम्प्लांटच बसवून द्या. धान विकलं आता, पैसे हायेत."
पैशांचा प्रश्नच नाही, प्रश्न वयाचा आहे. १९६५ साली स्वीडनमध्ये डॉ. ब्रॅनेमार्क यांनी आपला पहिला इम्प्लांट जबड्याच्या हाडात बसवला तो ३४ वर्षांच्या माणसाला. वाढत्या वयात शेजारचे दात जबड्याबरोबर सरकत राहतात. इम्प्लांट मात्र धुऱ्यावर गाडलेल्या खुंटासारखा जिथल्या तिथे राहतो. चार-पाच वर्षांत तोच दात आखूड दिसू लागतो. मुलींना सतरा-अठरापर्यंत आणि मुलांना वीस-एकविसापर्यंत थांबावं लागतं, कधी त्याहूनही जास्त. बाजूचे दात घासून ब्रिज? या वयात दाताची नस मोठी असते, घासताना ती दुखावते. म्हणून सध्या काढता-घालता दात, जबडा वाढेल तशी प्लेट बदलायची. वडिलांना हे पटलेलं दिसत नाही. मुलाचा प्रश्न एकच: कबड्डी खेळताना काढायचा का? काढायचाच, आणि डबीत ठेवायचा.

दुपारी ४
नव्या दाताचा रंग जुळवायचा तो खिडकीपाशी, उजेडात आणि काम सुरू करण्याआधी. तोंड उघडं राहून दात कोरडे पडले की पांढरे दिसतात, मग शेड हमखास चुकते.

५.३०
बावीस वर्षांचा तरुण. इम्प्लांट बसवण्याचं वय झालंय, हाडही चांगलं आहे. पण खर्ऱ्यामुळे, म्हणजे सुपारी-तंबाखूमुळे, तोंडात दोन बोटंही जेमतेम जातात. आधी खर्रा बंद, मग पुढचं बोलू.

७.१५
मोहाडीहून फोन. पोरगी सायकलवरून पडली, दात मुळासकट हातात आलाय. "धुऊन, कागदात बांधून आणतो."
नका बांधू! दुधाचा दात असेल तर तो परत बसवत नाहीत. कायमचा असेल तर वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मूळ घासू नका, माती असेल तर नुसत्या पाण्याखाली क्षणभर धरा. जमलं तर तिथेच खाचेत बसवा. नाहीतर वाटीभर दुधात टाका आणि तासाच्या आत दवाखाना गाठा.