भाऊ विमानात, बहीण रुग्णालयात

पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान ही नवीनच गोष्ट होती. इंग्लंडमधल्या उमराव घराण्यातले लॉर्ड लुकास बोअर युद्धात वार्ताहर होते. तिथे त्यांनी एक पाय गमावला. तरीही १९१५ मध्ये मंत्रिपद सोडल्यावर ते लष्करी वैमानिक झाले. त्यांच्या ‘रेस्ट पार्क’ या वाड्यात जखमी सैनिकांचं रुग्णालय होतं. बहीण नॅन हर्बर्ट तिथली मेट्रन. सप्टेंबर १९१६ मध्ये वाड्याला आग लागली, रुग्णालय बंद पडलं. ३ नोव्हेंबरला हवाई लढाईत भाऊही गेला. तो अविवाहित होता. या घराण्याचा किताब स्त्रियांनाही मिळू शकत असे, म्हणून तो नॅनकडे आला. वारसा बहिणीला मिळाला. शौर्याच्या गोष्टीतही तिचा वाटा धरायलाच हवा, नाही का?