एक्स्प्लेनर : घाटघर की भंडारदरा? वीकेंडला निघण्यापूर्वी पावसाचे आकडे असे वाचा

पावसाळा सुरू झाला की अकोले तालुक्यातील पावसाचे आकडे मोबाइलवर फिरू लागतात. घाटघर, रतनवाडी, पांजरे, भंडारदरा, वाकी... जिथे आकडा मोठा, तिथे गाडी वळते. पण आकडा मोठा म्हणजे सहल चांगली, असे असते का?

घाटघरलाच जास्त पाऊस का?
अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. घाटघर अगदी कड्यावर आहे. भंडारदरा तिथून सुमारे वीस किलोमीटर पूर्वेला. वारे पूर्वेकडे सरकतात तसा पाऊस कमी होत जातो. म्हणूनच एकाच जिल्ह्यात घाटघर चिंब, तर जामखेड कोरडे दिसते.

आकडा कधीचा?
हवामान विभागाच्या पद्धतीनुसार सकाळी साडेआठला आधीच्या २४ तासांचा पाऊस मोजतात. म्हणजे रविवारी सकाळचा आकडा बहुतांशी शनिवारचा असतो. शिवाय तो एका दिवसाचा आहे की १ जूनपासूनचा एकूण, हे तपासा. एका ठिकाणचा दिवसाचा आणि दुसऱ्या ठिकाणचा हंगामाचा आकडा शेजारी ठेवून तुलना होत नाही.

१०० मिमी म्हणजे किती?
एक मिलिमीटर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. १०० मिमी पावसात एका चौरस किलोमीटरवर १० कोटी लिटर पाणी पडते. डोंगरउतारावरून ते ओढ्यात झपाट्याने उतरते. २४ तासांत ६४.५ मिमीपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’, तर २०४.४ मिमीच्या वर ‘अत्यंत जोरदार’ पाऊस मानला जातो.

मग जायचे कुठे?
- घाटघरला मुसळधार पाऊस असेल तर कोकणकड्यावर बहुधा धुकेच दिसेल. दरी पाहायची तर उघडीप असलेला दिवस निवडा.
- रतनवाडीच्या वाटेवरील छोटे धबधबे ताज्या पावसावर वाहतात.
- रंधा धबधब्याचा जोर मुख्यतः भंडारदरा धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर ठरतो. त्यासाठी पावसापेक्षा विसर्गाचा आकडा पाहा. विसर्ग वाढला की नदीपात्राजवळ जाऊ नका.
- साम्रदची सांदण दरी पावसाळ्यात टाळाच. अरुंद घळीत लोंढा आला तर बाजूला व्हायला जागा नसते.

थोडक्यात, कालच्या आकड्यावरून ठिकाण निवडा. निघायचे की नाही, हे मात्र आजच्या इशाऱ्यावरून ठरवा. रेड अलर्ट असेल तर बेत पुढे ढकला.