हब ऑफलाइन आहे

सकाळी ८

रात्री बंद पडलेल्या दिव्यांची तक्रार लोक सकाळी करतात, त्यामुळे माझा दिवस फोनवरच सुरू होतो. पुण्यातल्या घरांमध्ये दिव्यांची स्वयंचलित यंत्रणा बसवणं आणि बिघडली की दुरुस्त करणं हे माझं काम. आजचा पहिला फोन बाणेरहून, सत्तरी ओलांडलेल्या एका काकांचा. "अहो, तो हबवरचा पिवळा दिवा परवापासून लुकलुकतोय. अॅप म्हणतंय, हब ऑफलाइन. रात्री बाथरूमच्या पॅसेजमधला दिवा लागत नाही. मोबाइलचा टॉर्च घेऊन जातो आम्ही दोघं."

हब म्हणजे राउटरशेजारी ठेवलेली तळहाताएवढी डबी. एका अंगानं ती वायफायशी बोलते, दुसऱ्या अंगानं झिगबी नावाच्या कमी ताकदीच्या रेडिओ पद्धतीनं घरातल्या दिव्यांशी, बटणांशी आणि सेन्सरशी. ती गप्प झाली की दिवे धडधाकट असूनही त्यांना सांगणारं कुणी उरत नाही.

फोनवर मी काही गोष्टी ठरवून विचारतो. परवा घरात काय बदललं? राउटर, पासवर्ड, फर्निचर, रंगकाम? भिंतीवरच्या बटणानं दिवा लागतो का? आणि हबच्या मागच्या भोकात कुणी टाचणी तर घातली नाही ना? हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. रीसेट केल्यानं हब जोडला जाईलच असं नाही, पण त्याच्या आठवणीतले सगळे दिवे मात्र नक्की पुसले जातात. मग शिडी लावून प्रत्येक बल्ब नव्यानं ओळखवून द्यावा लागतो. "काका, मी येईपर्यंत टाचणीला हात लावू नका," एवढं बजावून ठेवतो.

परवा ब्रॉडबँडवाल्यांनी राउटर बदलून दिला होता. निम्मं निदान तिथंच झालं.

सकाळी ८.४५

बॅग. टेस्टर, मल्टिमीटर, लॅपटॉप, खात्रीच्या दोन लॅन केबल, पाच व्होल्टचा चांगला अडॅप्टर आणि एक जुना मोबाइल. हा मोबाइल मी जपून ठेवलाय, कारण त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतं. बहुतेक हबना तेवढंच दिसतं. ५ गिगाहर्ट्झवर फुल रेंज दाखवणाऱ्या नव्या फोनवरून हबची अडचण कळत नाही. या जुन्या फोनवरून कळते.

सकाळी १०

बाणेर. नवव्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. मुलगा कॅलिफोर्नियात असतो, दिवाळीत आला तेव्हा आईवडिलांसाठी ही सगळी यंत्रणा बसवून गेला. हेतू चांगला होता: रात्री उठल्यावर अंधारात बटण शोधायला नको, पॅसेजमध्ये पाऊल पडलं की दिवा लागावा.

आधी वीज बघतो. हबचा अडॅप्टर ठीक. हब टीव्हीच्या यूएसबीला जोडलेला नाही, हेही बघून घ्यावं लागतं. तसं असेल तर टीव्ही मेन स्विचवरून बंद केला की हबही बंद. मग लॅपटॉप राउटरला जोडतो. इंटरनेट व्यवस्थित. म्हणजे बाहेरची लाइन चांगली, हब जिवंत, अडलंय ते दोघांच्या मध्ये.

राउटरवाल्यांनी वायफायला नवं नाव, नवा पासवर्ड दिला होता. काकांनी दोन्ही फोनमध्ये तो घातला, टीव्हीत घातला. हबला पडदा नाही, कीबोर्ड नाही. तो अजून जुन्याच नावाच्या वायफायची वाट बघत होता. अशा वेळी लोक हब नव्यानं जोडायला जातात. मी उलटं करतो: नव्या राउटरला जुनं नाव आणि जुना पासवर्ड देतो, अक्षर न् अक्षर तेच, लहानमोठ्या लिपीसकट. मग घरातली जुनी उपकरणं, गीझरचा प्लग असो की दारावरची बेल, आपापली परत येतात.

जुना पासवर्ड होता काकांच्या डायरीत. गॅसचा ग्राहक क्रमांक, डॉक्टरांचा फोन, मुलाच्या विमानाची वेळ आणि त्याच पानावर सुवाच्य अक्षरात वायफायचं नाव. अशी डायरी ठेवणारी घरं मला फार आवडतात.

नाव बदललं. राउटर पुन्हा सुरू झाला. माझ्या जुन्या मोबाइलला नाव दिसलं, पण जोडलं जाईना. हबचाही पिवळा दिवा तसाच. म्हणजे नावापलीकडे आणखी काहीतरी. राउटरच्या सेटिंगच्या पानावर गेलो तर सुरक्षेच्या रकान्यात फक्त डब्ल्यूपीए-३ निवडलेलं. ही पद्धत २०१८ साली आली. जुनी उपकरणं डब्ल्यूपीए-२ वरच चालतात, पासवर्ड बरोबर असला तरी त्यांना दार उघडत नाही. आणि अॅप सांगतं काय, तर 'पासवर्ड तपासा'. माणूस तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा घालत राहतो. या एका चुकीच्या सूचनेनं किती लोकांची संध्याकाळ खाल्ली असेल! २.४ गिगाहर्ट्झसाठी दोन्ही पद्धती चालतील असं मिश्र सेटिंग केलं. काही राउटरवर हबला ते मिश्र सेटिंगही झेपत नाही, तेव्हा तेवढ्या पट्ट्यापुरतं निव्वळ डब्ल्यूपीए-२ ठेवतो. इथं मिश्रवर भागलं.

पिवळा दिवा थांबला. हिरवा लागला. काका टाळी वाजवून म्हणाले, "झालं!"

पण झालं नव्हतं.

सकाळी ११.३०

अॅपमध्ये हॉलचे दिवे लगेच ऐकतात, पॅसेजचा आणि आतल्या खोलीचा मात्र थांबत थांबत, कधी अजिबात नाही. आता मामला झिगबीचा.

झिगबी आणि वायफाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात राहतात. झिगबीचे तिथं सोळा चॅनेल, ११ पासून २६ पर्यंत. वायफायचे एकमेकांवर न चढणारे तीन: १, ६ आणि ११. आकडे सारखे दिसले तरी जागा सारख्या नाहीत, आणि नवशिके नेमके इथंच फसतात. झिगबीचा ११ असतो २४०५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्या १ नंबरच्या पोटात. वायफायचा ११ असतो २४६२ वर, चांगला दूर. हा हब झिगबीच्या ११ वर होता आणि नव्या राउटरनं 'ऑटो' म्हणून वायफायचा नेमका १ निवडला होता. वायफायच्या आवाजापुढे झिगबीची कुजबुज ऐकू येणार कशी?

इथं कुणाला हलवायचं हा निर्णय करावा लागतो. हबचा चॅनेल बदलला की एखादा दिवा मागं राहतो, हरवतो. राउटरचा बदलला तर फोन, टीव्ही दोन सेकंदांत नव्या जागी जातात. म्हणून मी नेहमी वायफाय हलवतो. ११ नंबरवर पक्कं केलं, रुंदी २० मेगाहर्ट्झ. शिवाय हब राउटरला चिकटून ठेवला होता, तो हात-दीड हात बाजूला घेतला.

आतली खोली सुधारली. पॅसेज अजून कच्चा. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि जाता जाता जेवणाच्या टेबलावरच्या दिव्यांचं भिंतीवरचं बटण खट्‌कन बंद केलं. उत्तर समोर उभं राहिलं.

झिगबीत विजेवर चालणारा प्रत्येक दिवा पुढच्या दिव्याला निरोप पोचवतो. हॉलमधला हब थेट पॅसेजपर्यंत पोचत नाही, मध्ये सळयांची काँक्रीटची भिंत आहे. निरोप जातो टेबलावरच्या दिव्यांमार्फत. त्यांची वीजच तोडली तर साखळी तुटते.

"काकू, हे बटण तुम्ही रोज बंद करता?"

"मग? उगाच वीज कशाला जाळायची?"

सवय उत्तम आहे आणि ती मोडायला सांगणं मला जड जातं. म्हणून हिशेब सांगितला. असा बल्ब विझलेला असताना साधारण अर्धा वॉट घेतो; महिनाभर मिळून अर्धं युनिटसुद्धा होत नाही. काकूंना हिशेब पटला, पण त्यांनी दुसरी गोष्ट काढली. "मग तो गॅलरीतला दिवा? तो रोज पहाटे उजाडायला लागतो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत जळत असतो. त्याचं काय?"

अॅपमध्ये बघितलं. गॅलरीच्या दिव्याला नेमून दिलेलं काम: सूर्यास्ताला लाग, रात्री ११ ला विझ. वेळ बरोबर, घराचं ठिकाण मात्र कॅलिफोर्निया, कारण खातं मुलानं तिथं उघडलेलं. हिवाळ्यात तिथल्या आणि आपल्या घड्याळात साडेतेरा तासांचं अंतर. तिथं संध्याकाळी पाचला सूर्य मावळला की बाणेरला पहाटे साडेसहाला दिवा लागतो, आणि तिथले रात्रीचे ११ म्हणजे इथले दुपारचे साडेबारा. यंत्र आपलं काम चोख करत होतं, फक्त दुसऱ्या गोलार्धासाठी. ठिकाण पुणे केलं.

दुपारी १२.३०

आता पॅसेज. मला हब जोडण्यापेक्षा हे काम महत्त्वाचं वाटत होतं. मुलानं पॅसेजमधल्या जुन्या बटणावर चिकटपट्टी लावून ते कायम चालू ठेवलं होतं, आणि शेजारी बॅटरीवर चालणारं बिनतारी बटण डकवलं होतं. ते बटण दाबलं की निरोप हबला, हबकडून इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला, तिथून परत हबला आणि मग दिव्याला. एवढ्या प्रवासात एक कडी निखळली की सत्तरीतली दोन माणसं अंधारात. परवापासून तेच चाललं होतं.

काकांना म्हटलं, इथं स्मार्ट बल्ब नको. बटणामागं बसणारं रिले मॉड्यूल घालू. त्याला न्यूट्रल लागतो. नुसत्या दिव्यांच्या बोर्डात पुष्कळदा तो नसतो, फक्त फेज आणलेली असते. पण ज्या बोर्डात प्लग पॉइंट आहे तिथं तो असतोच. इथं होता. एमसीबी पाडला, टेस्टरवर न विसंबता मल्टिमीटरनं खात्री केली, प्लेट उघडली, मॉड्यूल मागं बसवलं, बल्ब काढून साधा नऊ वॉटचा एलईडी लावला. आता मूळचं बटण दाबलं की दिवा लागतो, हब असो वा नसो. हब चालू असेल तेव्हा सेन्सरनंही लागतो. आणि मॉड्यूल सतत विजेवर असल्यानं साखळीतही भर पडली.

मग राउटरची वायर उपटून ठेवली आणि काकूंना म्हटलं, लावून बघा. त्यांनी बटण दाबलं, दिवा लागला. वायर परत जोडली.

दुपारी २.३०

कर्वे रस्त्यावर दातांचा दवाखाना. अॅपला हब सापडत नाही. हबची तार एका राउटरला, डॉक्टरांचा फोन त्यामागच्या दुसऱ्या राउटरच्या वायफायवर. हबचा पत्ता १९२.१६८.१ नं सुरू होतो, फोनचा १९२.१६८.० नं. अॅप हबला हाक मारतं ती आपल्याच जाळ्यापुरती, ती हाक राउटर ओलांडत नाही. दुसऱ्या राउटरला अॅक्सेस पॉइंट केलं, जाळं एक झालं, हब मिळाला. वीस मिनिटांचं काम.

डॉक्टरांनी विचारलं, नवं मॅटर आलंय ते घेऊ का? मॅटरची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं त्यामुळे एकत्र नांदतात, हे खरं आहे. घ्यायला हरकत नाही. पण मॅटरलाही उपकरणं शोधायला घरातलं जाळं धडच लागतं. दोन राउटरची भानगड त्यानं मिटली नसती.

दुपारी ४.३०

सहकारनगरचा जुना बंगला. तक्रार हबची, दोष वायरिंगचा. जिन्यातल्या बोर्डात न्यूट्रल नव्हता म्हणून कुणीतरी शेजारच्या सर्किटचा ओढून घेतला होता. जाणारी आणि येणारी वीज जुळेना, आरसीसीबी पडे, त्यासोबत राउटर आणि हब बंद. लोक हबला शिव्या देत होते. उसना न्यूट्रल काढला. उद्या योग्य वायर ओढायची. तोवर जिन्यात साधं बटण.

संध्याकाळी ७.३०

घरी पोचतोय तोच फोन. पिंपळे सौदागरहून एक ताई. काल मध्यरात्री गेलेली वीज तीन वाजता आली आणि घरातले सगळे दिवे एकदम पूर्ण उजेडात लागले, बाळ दचकून उठलं. वीज परत आल्यावर पूर्ण उजेडात लागणं ही बहुतेक स्मार्ट बल्बची मूळ सवय आहे, आणि ती बदलता येते. अॅपमध्ये प्रत्येक दिव्याच्या सेटिंगमध्ये 'वीज आल्यावर' असा पर्याय शोधायला सांगितला, तिथं 'आधी होता तसा' निवडायला लावलं. सोबत एवढंही सांगितलं की फायबरची डबी, राउटर आणि हब तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. वीज आल्यावर फायबरच्या डबीला जागं व्हायला काही मिनिटं लागतात, आणि काही हब तेवढी वाट न बघता ऑफलाइन होऊन बसतात.

रात्री ९

उद्याची यादी लिहिली: सहकारनगरला दीड चौरस मिलिमीटरची वायर, बाणेरच्या काकांना डायरीत लिहायला राउटरच्या सेटिंगचा कागद.

दिवे घ्यायला दुकानात जाल तेव्हा रंग किती, अॅप कसलं, हे नंतर विचारा. आधी विचारा की इंटरनेट बंद आणि हबही बंद असताना भिंतीवरच्या बटणानं दिवा लागेल आणि विझेल का. बसवणाऱ्यालाही पैसे देण्याआधी राउटरची वायर काढून ते करून दाखवायला लावा. जिथं म्हातारी माणसं किंवा लहान मुलं रात्री उठतात, त्या पॅसेजमध्ये, जिन्यात आणि बाथरूममध्ये ज्याचं उत्तर 'हो' नाही असा दिवा बसवू नका.