तुळई एक, घरं दोन

देवासच्या जुन्या वस्तीतल्या एका वाड्यात माजघराच्या मधोमध विटांची भिंत आहे. भाऊ वेगळे झाले तेव्हा उभारलेली. जमिनीपासून निघून ती छताखाली थांबते, कारण वर सागवानी तुळई आहे आणि तुळईची वाटणी कुणाला करता आलेली नाही. निम्मी थोरल्याच्या डोक्यावर, निम्मी धाकट्याच्या. जुन्या वाड्याची सारी विद्या मला त्या एका जागी दिसली.

असे वाडे माळव्यात आले ते मराठी फौजांच्या मागोमाग. 29 नोव्हेंबर 1728 रोजी आजच्या धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याला चिमाजी अप्पांनी मोगल सुभेदार गिरधर बहादुराचा पराभव केला आणि माळव्याची वाट मोकळी झाली. धारला पवारांचं राज्य उभं राहिलं. देवासला तुकोजी आणि जिवाजी पवार या दोघा भावांच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. राज्यं दोन, राजधानी मात्र एकच. शिलेदार, कारकून, भिक्षुक, सावकार त्यांच्यासोबत आले आणि येताना दख्खनी वाड्याचा आराखडा मनात घेऊन आले. चौक, ओसरी, माजघर, देवघर, दारात दिंडी. छपरावर मात्र इथले कवेलू चढले.

वाड्याची भिंत जाडजूड असते, म्हणून तीच घर पेलते असं वाटतं. बाहेरच्या भिंती काही भार घेतातही. पण चौकाभोवतीचं आतलं घर उभं असतं ते लाकडी सांगाड्यावर. खाली दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर केळफुलाची नक्षी असलेले हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा थर. दोन तुळयांमधल्या अंतराला खण म्हणायचं आणि घराचा आकार खणांत मोजायचा. खांब जमिनीत पुरत नाहीत, तळखड्यावर ठेवतात. ओल आणि वाळवी लाकडात चढू नये म्हणून. खांबाच्या तळाशी वाकून पाहिलं, तर दगड आणि लाकूड यांच्यामधली बारीक फट दिसते. जुन्या कारागिराची काळजी त्या फटीत आहे.

माळव्याची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर ताठर भिंतीला तडे जातात. कुसू आणि खुंट्यांनी जोडलेला सांगाडा मात्र थोडा हलतो, थोडा कलतो आणि सांध्यांमध्ये ती हालचाल जिरवून घेतो. खांब जरासा तिरका दिसला की लोक घाबरतात. पण खांब तिरका होऊनही सांधा घट्ट असेल, तर घर शाबूत असतं.

हीच रीत हजारो मैलांवरच्या इंग्रज शेतकऱ्यालाही ठाऊक होती. तिथं सागाऐवजी ओक. ओकच्या चौकटी आणि मधल्या मोकळ्या जागेत काटक्या विणून त्यावर माती लिंपलेली. आपली कुडाची भिंतच ती. सुतार आपल्या आवारात सांधे जुळवून पाहत, प्रत्येक लाकडावर खुणेचे आकडे कोरत, मग जागेवर नेऊन चौकट उभी करत. सुरुवातीला मधल्या दालनात उघडी आगटी असे आणि धूर छपरातून बाहेर जाई. सोळाव्या-सतराव्या शतकात धुराडी आली, मग दालनाच्या उंचीत मजला घातला गेला. पुढच्या पिढ्यांनी दर्शनी बाजू विटांनी झाकली. तरी माळ्यावर चढलं की काजळलेले वासे आजही दिसतात. आपल्या चुलीवरच्या वाशांसारखेच.

या दोन जगांना जोडणारा एक माणूस देवासला राहून गेला. ई. एम. फॉर्स्टर यांचं बालपण, 1883 ते 1893, हर्टफर्डशायरमधल्या रुक्स नेस्ट या जुन्या शेतघरात गेलं. त्याच घरावरून त्यांनी 1910 सालच्या ‘हॉवर्ड्‌स एंड’ या कादंबरीतलं घर उभं केलं. 1921 साली ते थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचे खासगी चिटणीस म्हणून देवासला आले. जुन्या राजवाड्यातली गोकुळाष्टमी त्यांनी डोळे भरून पाहिली आणि पुढे दुसऱ्या एका कादंबरीत आणली. जुनं घर त्यात राहणाऱ्यांना घडवतं, हे जाणणारा माणूस टेकडीवरच्या देवीच्या या गावात रमला, याचं मला नवल वाटत नाही.

वाडे बदलत आले आहेत आणि बदलायलाच हवेत. स्वयंपाकघर ओट्याचं झालं, न्हाणीघर आत आलं, गोठ्याच्या जागी दुकान निघालं. सांगाड्याला धक्का न लावता केलेला असा बदल वाडा सहज सोसतो. घात होतो दोन गोष्टींनी. पहिली, आड येतो म्हणून काढलेला खांब. दुसरी, मातीच्या भिंतीवरचं सिमेंट. माती आणि चुना ओल घेतात, तशीच सोडतातही. सिमेंट ती आतच कोंडतं आणि भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक कुजत जातं. इंग्लंडच्या ओकघरांचंही सिमेंटच्या लिंपणानं असंच नुकसान झालं आहे. जुन्या इमारती खरवडून नव्या करू नयेत, वेळच्या वेळी डागडुजी करून जपाव्यात, हे सांगण्यासाठी विल्यम मॉरिस यांनी तिथं 1877 मध्ये संस्था काढली, ती आजही चालू आहे.

आगीचं भय वेगळंच. इंदूरच्या होळकरांचा सात मजली राजवाडा खाली दगडाचा, वर लाकडाचा. 1984 च्या दंगलीत त्याला आग लागली आणि बराच भाग जळाला. वाड्यातली जुनी वायर बदलणं म्हणूनच देवघराच्या समईइतकं मनावर घ्यायला हवं.

बाकी औषध साधं आहे. पावसाआधी शाकारणी, म्हणजे इकडच्या बोलीत कवेलू फेरणं. पन्हाळी साफ ठेवणं. खांबाचं बूड कुजलं असेल, तर सगळा खांब न काढता वर टेकू द्यायचा, कुजका भाग कापायचा आणि खाली जुन्या सागाचा तुकडा सांध्यानं जोडायचा.

देवासच्या त्या वाड्यात हेच करावं लागलं. पाणी धाकट्याच्या बाजूनं मुरलं होतं, पण तुळईला टेकू द्यायचा तर दोन्ही बाजूंनी द्यावा लागणार होता. ‘‘दादा, तुमच्याकडचं सामान दोन दिवस हलवावं लागेल,’’ असा निरोप भिंतीपलीकडे गेला. थोरल्यांनी सामान हलवलं आणि सुतारासाठी चहाही त्यांच्याकडूनच आला. आता खांबाच्या तळाशी हातभर लाकूड फिकट दिसतं. भिंत जागेवर आहे, आणि तिच्या दोन्ही अंगांना टेकू काढल्याच्या गोल खुणा आहेत.