एका केबलचे दोन जनक

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा आधार संपला आणि अनेक घरांतले चालते संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. एका वाचकाने विचारलं आहे : घरात दोन जुने संगणक आहेत, एकावर विंडोज एक्सपी आणि दहा-बारा वर्षांचे फोटो. इंटरनेटला न जोडता ते दुसऱ्यावर नेता येतील का?

येतील. दोन्ही संगणकांच्या मागे इथरनेटचा चौकोनी पोर्ट असेल, तर एक केबल पुरते. मात्र दोन्ही बाजूंची नेटवर्क कार्डं फार जुनी असतील तर साधी केबल चालत नाही, ‘क्रॉसओव्हर’ लागते. कारण सोपं आहे. साध्या केबलीत एकाच्या बोलण्याची तार दुसऱ्याच्याही बोलण्याच्याच तारेला जाऊन मिळते. ती कानापाशी पोहोचवायची तर 1 आणि 2 क्रमांकाच्या तारा पलीकडे 3 आणि 6 वर न्याव्या लागतात. एखादं कार्ड गिगाबिटचं असलं तर ही अदलाबदल ते बहुधा स्वतःच करतं. मध्ये छोटा स्विच ठेवला तर हा प्रश्नच उरत नाही. मग एकाला 192.168.1.1 आणि दुसऱ्याला 192.168.1.2 हा पत्ता द्या, सबनेट मास्क 255.255.255.0, गेटवे रिकामा. ‘पिंग’ला उत्तर आलं की अर्धी लढाई जिंकलात.

पण मला थांबायचं आहे ते या केबलीपाशी. 1973 साली कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ हा तरुण लांबलचक केबलीतून विजेचे स्पंद पाठवू पाहत होता आणि ते काही जमत नव्हतं. तिथे उमेदवारी करणाऱ्या डेव्हिड बॉग्जने ते पाहिलं. बॉग्ज हौशी रेडिओवाला, डाग देण्यात हात बसलेला. तो मदतीला गेला आणि दोघांनी मिळून इथरनेट उभं केलं.

कल्पनेचं बीज हवाई विद्यापीठातलं. नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहानेटमध्ये बेटांवरची केंद्रं एकाच रेडिओ लहरीवर बोलत आणि दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळलं की थोडं थांबून पुन्हा पाठवत. मेटकाफ-बॉग्ज यांनी त्यात भर घातली ती शिष्टाचाराची : आधी कान द्या, कुणी बोलत नसेल तरच बोला, आणि बोलतानाही ऐकत राहा.

तरीही टक्कर झाली तर? चाळीच्या अरुंद जिन्यात दोन माणसं समोरासमोर येतात. दोघंही जिन्याच्या एकाच बाजूला सरकतात, मग दोघंही दुसऱ्या. दोघंही तितकीच सभ्य असतात आणि म्हणूनच अडकतात! इथरनेटने ही कोंडी फाशांवर सोपवली. पहिल्या टकरीनंतर प्रत्येक यंत्र दोन पर्यायांतून एक प्रतीक्षाकाल निवडतं, दुसरीनंतर चारांतून, तिसरीनंतर आठांतून. गर्दी वाढली की वाट पाहण्याची जागाही वाढते. सोळा प्रयत्न फसले तरच यंत्र हात टेकतं. वाहतूक नियंत्रक कुणी नाही, तरी रस्ता मोकळा होतो. मला ही विसाव्या शतकातल्या देखण्या कल्पनांपैकी एक वाटते.

पुढे अनेकांनी गणित मांडून सांगितलं की हे जाळं भाराखाली कोसळेल, क्षमतेच्या 37 टक्क्यांपुढे जाणार नाही. 1988 मध्ये बॉग्जने दोन सहकाऱ्यांसह खऱ्या केबलीवर खरी मोजमापं घेतली आणि ही भीती खोटी ठरवली. टीकाकारांनी कागदावर जाळं पाडलं होतं, बॉग्जने ते बांधून पाहिलं. विज्ञानात या सवयीला मोल आहे आणि ते आपण कमी देतो. 1976 च्या मूळ शोधनिबंधावर दोघांची नावं आहेत, पेटंटवरही बॉग्जचं नाव आहे. तरी फेब्रुवारी 2022 मध्ये बॉग्ज गेला तेव्हा त्याचं नाव जाणकारांपलीकडे फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्या वर्षाचा ट्युरिंग पुरस्कार एकट्या मेटकाफ यांना जाहीर झाला. मेटकाफ यांचा मान रास्तच आहे. पण इथरनेटची गोष्ट सांगताना बॉग्जला वगळणं चूक आहे.

इथरनेटसाठी 1980 साली ठरलेला 48 बिटांचा पत्ता आणि एका पाकिटाची 1500 बाइटांची मर्यादा आजही तशीच आहे. त्यामुळे तुमचा एक्सपी आजच्या लॅपटॉपशीही बोलू शकतो. अडचण येते ती फाइल शेअरिंगमध्ये. एक्सपीला एसएमबी या फाइल शेअरिंगच्या भाषेची फक्त पहिली आवृत्ती येते आणि 2017 च्या वॉनाक्राय या सायबर हल्ल्याने तिचीच फट वापरली होती, म्हणून नव्या विंडोजमध्ये ती बंद असते. ती उघडत बसू नका. जुन्या संगणकावर छोटा एफटीपी सर्व्हर चालवा आणि नव्यावरून फाइली ओढून घ्या. तेवढा वेळ दोन्ही संगणक इंटरनेटपासून तोडलेले ठेवा.

आणि हे येत्या रविवारीच करा. जुनी हार्ड डिस्क बंद पडताना दर वेळी आधी सूचना देतेच असं नाही.