फेव्हिकॉल कोणत्या तबकडीला चालतो, कोणत्या तबकडीला नाही

पांढरा गोंद तबकडीवर ओतायचा, रात्रभर वाळू द्यायचा आणि सकाळी पापुद्र्यासारखा सोलून काढायचा. रेकॉर्ड साफ करायची ही युक्ती ऐकली की जुन्या रेकॉर्ड जपणारे काही जण दचकतात, आणि काही जण त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्या रेकॉर्ड काढून बसतात. चूक दोघांचीही होते. गोंदानं विनाइलची तबकडी खरोखर स्वच्छ निघते, त्यामुळे दचकायचं कारण नाही. पण त्याच गोंदानं आजोबांच्या काळातली लाखेची तबकडी एका रात्रीत कायमची बाद होऊ शकते. म्हणून गोंदाची बाटली उघडण्याआधी आपल्या हातातली तबकडी कशाची आहे, हे ओळखायला हवं.

राजोडीसारख्या गावात हा विषय अधिकच जिव्हाळ्याचा आहे. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, थेट अरबी समुद्राला लागून असलेलं हे गाव. जून ते सप्टेंबर इथली हवा पाण्यानं जड असते आणि खारा वारा तर बाराही महिने. अशा हवेत रेकॉर्डच्या पुठ्ठ्याच्या कव्हरला आधी वास येतो, मग करडे डाग पडतात आणि एखाद्या पावसाळ्यानंतर तबकडी बाहेर काढली की तिच्यावर बुरशीचे पांढरे ठिपके दिसतात. बुरशीला खायला कागद, पुठ्ठा आणि कव्हर चिकटवायची खळ लागते. विनाइल तिचं अन्न नव्हे, पण कव्हरमधून ती तबकडीवर उतरते आणि खाचांत बसते.

एल.पी.च्या एका बाजूवर खाच एकच असते, बाहेरून आत वळत गेलेली. वीस मिनिटांच्या बाजूची ती खाच सरळ पसरली तर तिची लांबी 400 मीटरच्या वर जाते. रुंदी मात्र मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, म्हणजे माणसाच्या केसाहून कमी. धूळ, सिगारेटचा जुना धूर, बोटांचा तेलकटपणा आणि बुरशी हे सगळं त्या चिंचोळ्या जागेत दडपलेलं असतं. धोतराच्या मऊ तुकड्यानं किंवा मलमलीनं कोरडी पुसली की तबकडी चकाकते, म्हणून ती स्वच्छ झाली असं वाटतं. खरं तर फडक्याचे धागे खाचेच्या तळापर्यंत पोचतच नाहीत. वरची धूळ तेवढी खाचांवरून फरफटत जाते आणि त्या धुळीतल्या वाळूच्या कणांचे बारीक ओरखडे उठतात. समुद्राकाठच्या धुळीत वाळू असणारच.

गोंदाला हा तळ गाठता येतो, कारण तो ओतला जातो तेव्हा द्रव असतो. सुताराचा पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेले. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांत मिसळून लवचिक पापुद्रा तयार होतो आणि खाचेतली घाण त्या पापुद्र्यात अडकते.

मग तो तबकडीला का चिकटत नाही? लाकूड सच्छिद्र असतं. गोंद त्याच्या तंतूंमध्ये शिरतो आणि तिथेच घट्ट होतो, ही त्याची पकड. विनाइलला अशी छिद्रं नसतात, त्यामुळे गोंदाला धरायला जागा मिळत नाही. शाळेतली मुलं तळहातावर गोंद पसरून वाळला की सोलून काढतात, तसाच तो विनाइलवरून निघतो. त्यावर तबकडीच्या खाचांचा हुबेहूब ठसा उमटलेला दिसतो.

ही अडाणी घरगुती क्लृप्ती आहे असाही एक समज आहे. पण सोलून काढायच्या थरानं नाजूक पृष्ठभाग साफ करणं ही प्रयोगशाळांत रुळलेली पद्धत आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेचे आरसे अशाच एका पॉलिमरच्या थरानं स्वच्छ करतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहत असलेली लायगो-इंडिया ही त्याच वेधशाळांच्या मालिकेतली. तो पॉलिमर वेगळा आणि महागडा असतो, सुताराचा गोंद नव्हे, पण घाण थरात अडकवून थरासकट उचलायची हे तत्त्व एकच. रेकॉर्डसाठी म्हणून बनवलेले सोलून काढायचे द्रवही युरोपात 1970 च्या दशकात विकले जात होते.

गोंद कोणता, यावरही गल्लत होते. 1959 साली पिडिलाइटनं फेव्हिकॉल बाजारात आणला आणि तो इतका पसरला की आपल्याकडे कुठल्याही चिकटवायच्या वस्तूला सर्रास फेव्हिकॉल म्हणतात. रेकॉर्डसाठी चालतो तो फक्त पाण्यात कालवलेला, वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद, शाळेच्या हस्तकलेला वापरतात तो. पिवळसर, उग्र वासाचा रबरी गोंद, जो सनमायका किंवा फोम चिकटवायला लागतो, त्यात विनाइलला मऊ करणारी द्रावणं असतात. तो तबकडीवर पडला तर खाचा उरणार नाहीत. चटकन चिकटणारा फेव्हिक्विक तर पूर्णपणे वेगळं रसायन. पाण्याला दाद न देणारा लाकडाचा गोंदही टाळावा. त्याचा पापुद्रा तुटून एखादा तुकडा खाचेत अडकला तर साध्या गोंदासारखा तो पाण्यानं मऊ होत नाही.

आता लाखेबद्दल. इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं.

1902 साली ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कोलकात्याला आला आणि गोहरजानसारख्या गायिकांची ध्वनिमुद्रणं सुरू झाली. तबकड्या मात्र जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापून बोटीनं परत येत. 1908 मध्ये कोलकात्यातच सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला, पुढे तो दमदमला गेला. त्या तबकड्या लाखेच्या, म्हणजे लाखेच्या किड्यांच्या स्रावाच्या राळेत दगडाची भुकटी आणि काजळी घालून दाबलेल्या. ही लाख जगाला मुख्यतः भारतच पुरवत होता. 1948 साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं विनाइलची लाँग प्ले तबकडी आणली आणि पश्चिमेत 1950 च्या दशकाअखेरीस लाखेची तबकडी जवळजवळ संपली.

आपल्याकडे ती संपली नाही. चावीचे फोनो गावोगाव होते, वीज सगळीकडे पोचली नव्हती, त्यामुळे 78 फेऱ्यांच्या तबकड्या इथे पुढेही वर्षानुवर्षं निघत राहिल्या. 1960 च्या दशकाच्या मध्यात बीटल्सची गाणीसुद्धा भारतात 78 च्या तबकडीवर निघाली आणि परदेशातले संग्राहक आज त्या शोधत असतात. त्याच सुमारास, 1965 साली, एच.एम.व्ही.नं सुधीर फडक्यांच्या आवाजातल्या गीतरामायणाचा दहा एल.पी.चा संच काढला, तो विनाइलचा. म्हणजे एकाच वर्षी घेतलेल्या, एकाच कपाटात शेजारी ठेवलेल्या दोन तबकड्यांतली एक विनाइलची आणि दुसरी लाखेची असू शकते. ‘गाणं साठच्या दशकातलं, म्हणजे रेकॉर्ड प्लास्टिकची’ हा हिशेब परदेशी पुस्तकांतून आलेला आहे. मराठी घरात तो धरून चालणं धोक्याचं आहे.

ओळख तशी सोपी. लेबलावर 78 असेल, तबकडी साधारण दहा इंचांची, जाड आणि हाताला जड लागत असेल, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं असेल, तर ती लाखेची समजावी आणि गोंद लांब ठेवावा. 33⅓ किंवा 45 फेऱ्यांची, किंचित लवणारी असेल तर विनाइलची. शंका असेल तर लाखेचीच समजावी. घरी किंवा स्टुडिओत थेट आवाज कोरून घेतलेल्या तबकड्या हा तिसरा प्रकार. त्यांत ॲल्युमिनियमवर लॅकरचा पातळ थर असतो आणि गोंद सोलताना तो थरच उचलून येण्याची भीती असते. अशी तबकडी जगात एकच असते, तिच्यावर कुठलाही प्रयोग करू नये.

लाखेला गोंद का चालत नाही? तिच्यातली दगडाची भुकटी विनाइलइतकी गुळगुळीत नसते. झिजलेल्या तबकडीचा पृष्ठभाग तर खरखरीतच झालेला असतो. तिथे गोंदाला धरायला जागा मिळते आणि सोलताना लाखेचे कण त्याच्याबरोबर निघतात. शिवाय गोंदातलं पाणी रात्रभर लाखेला लागून राहतं. काही जुन्या तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो. बारीक तड्यातून पाणी आत गेलं की तो फुगतो.

स्पिरिटचा मोह त्याहून वाईट. करोनानंतर घरोघरी सॅनिटायझर आलं आणि ‘अल्कोहोलनं सगळं स्वच्छ होतं’ हा समज बळावला. लाकडाला फ्रेंच पॉलिश करणारा कारागीर लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. स्पिरिट तबकडीवर फिरवलं तर तिथेही तेच होणार, आणि विरघळेल ते गाणं असेल. लाखेच्या तबकडीला डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश एवढं पुरे. हात खाचांच्या दिशेनं गोल फिरवावा, लेबल कोरडं ठेवावं आणि लगेच टिपून घ्यावं. तडा असेल तर पाणीही नको.

विनाइलवर गोंद वापरायचा ठरला तर पहिला प्रयोग टाकाऊ तबकडीवर करावा. ती प्लेअरवर ठेवूनच गोंद पसरू नये, कारण ओघळ मधल्या खुंटीवरून आत जातो. लेबलापेक्षा लहान तोंडाचा पेला उपडा ठेवून त्यावर तबकडी टेकवली की काम होतं. बारा इंची एल.पी.च्या एका बाजूला मिलिमीटरभर थर द्यायला 50 ते 60 मिलिलिटर गोंद लागतो. इथे काटकसर करणाऱ्यांचंच काम बिघडतं, कारण पातळ थर वाळल्यावर फाटतो आणि त्याचे तुकडे खाचांत राहतात. पाणी घालून गोंद वाढवण्याचाही तोच परिणाम. लेबल कागदाचं असतं, गोंद लागला तर ते फाटूनच निघेल. म्हणून लेबलाभोवतीचा गुळगुळीत पट्टा मोकळा सोडावा. बाहेरच्या कडेला गोंदाचा थोडा जाड ठिपका ठेवला की सोलायला सुरुवात करता येते.

वाळण्याच्या बाबतीत राजोडीची हवा आडवी येते. डिसेंबर-जानेवारीत पंख्याखाली रात्रभरात होणारं काम जुलैत दुसऱ्या दिवशीही अर्धवट असतं. लवकर वाळावी म्हणून अंगणात उन्हाला लावलेली तबकडी हमखास वाकते, कारण 60 अंश सेल्सियसच्या आसपास विनाइल मऊ पडायला लागतं आणि काळी वस्तू उन्हात भराभर तापते. पंखा आणि धीर याला पर्याय नाही. थर कुठेही पांढरा दिसत असेल तर तो ओला आहे. पूर्ण पारदर्शक झाल्यावरच, कडेकडून सावकाश, शक्यतो अखंड सोलावा. तुकडा राहिलाच तर नखानं उकरू नये. त्यावर पुन्हा गोंद घालून वाळवावा, तोही निघून येतो.

सोलल्याबरोबर तबकडी लख्ख दिसते आणि इथेच बरेच जण थांबतात. पापुद्रा ओढताना विनाइलवर स्थिर विद्युतभार जमा होतो आणि तो खोलीतली धूळ खेचून घेतो. थंडीतल्या कोरड्या हवेत हे जास्त जाणवतं. त्यामुळे शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं खंगाळणं गरजेचं आहे. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी इथे वापरू नये. किनाऱ्यालगत ते खारं असतं, सुकल्यावर क्षार खाचेतच राहतात आणि साफ केलेली तबकडी पुन्हा करकरते. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणी स्वस्त आहे आणि ते पुरतं.

एवढं सगळं नीट केलं तरी काही आवाज राहतातच. गोंद घाण काढतो, जखम भरत नाही. एकाच जागी अडकणारी किंवा प्रत्येक फेरीला त्याच ठिकाणी ‘टक’ करणारी तबकडी ओरखड्यामुळे तसं करते. बुरशीनं पृष्ठभाग खरवडला असेल तर ठिपका जातो, खरखर राहते. आणि झिजलेली खाच परत येत नाही. चावीच्या फोनोची पोलादी पिन जड साउंडबॉक्सच्या भारानं, शंभरेक ग्रॅम वजनानं तबकडीवर टेकते, तर एल.पी.च्या पिनचा भार काही ग्रॅमच असतो. हौसेनं चावीच्या फोनोवर लावलेली विनाइलची तबकडी एकदाच वाजवली तरी कायमची जाते. तिला मग कितीही गोंद लावला तरी उपयोग नाही.

दुर्मीळ तबकडी हाती आली तर साफसफाईची घाईच करू नये. मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था जुन्या तबकड्यांची माहिती जमवत आली आहे आणि त्यावर तिनं नियतकालिकही काढलं आहे. लेबलावरचा क्रमांक, कंपनी आणि कलावंताचं नाव टिपून अशा जाणकारांना आधी दाखवावं. तबकडी धुळीत आणखी महिनाभर राहिली तर तिचं काही बिघडत नाही.

साफ केलेली विनाइलची तबकडी जुन्या, बुरशी लागलेल्या आतल्या पाकिटात परत घालू नये, नवं पाकीट घ्यावं. रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. समुद्राकडच्या ओल धरणाऱ्या भिंतीपासून कपाट हातभर पुढे ओढावं. पावसाळ्यात रेकॉर्ड प्लास्टिकच्या बंद पिशवीत कोंडून ठेवण्याची पद्धतही सोडावी, कारण आत अडकलेल्या दमटपणात बुरशी आणखी जोरात वाढते. पाऊस उघडला, ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडलं की कपाटाची दारं दिवसभर उघडी ठेवावीत आणि एकेक कव्हर काढून पाहावं.