उचल कोणाच्या वहीत?

दिवाळी आटोपली की धुळे, नंदुरबार आणि डांगकडचे ऊसतोड मजूर आमच्या सुरत जिल्ह्यात उतरू लागतात. पाऊस तोंडावर येईपर्यंत बारडोलीच्या आसपासचा ऊस तेच तोडतात. भर पावसाळ्यात घरातले धान्य सरते, तेव्हा मुकादम त्यांस उचल देतो. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, भाव टनावर, हिशेब हंगामाच्या शेवटी. मध्यंतरी मिळते ती खावटी, आणि तीही खात्यावर चढते. उचलीचे अनेकदा दीडपट लावून घेतात. फिटले नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. पोरे पालावर असतात. शाळेच्या पटावर नाव तेवढे राहते, हे आम्हां शिक्षकांस निराळे सांगावयास नको.

या जिल्ह्यास ही गोष्ट नवी नाही. येथे पूर्वी हालीप्रथा होती. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढावे आणि जन्मभर त्याच्याच शेतावर राबावे. पुढे तेच मुलाच्या वाट्यास. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. पण वेठबिगार म्हणजे साखळदंडाने बांधलेला माणूस, अशी आपली समजूत असते. कायद्याची तशी नाही. उचलीपायी दुसरीकडे काम धरण्याची मुभा उरली नाही, एवढे पुरे आहे. शिवाय किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे हीदेखील सक्तीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले.

आता मोठ्या कंपन्यांस याविषयी दरसाल निवेदन द्यावे लागते. ब्रिटनच्या 2015 च्या कायद्यान्वये, तेथे व्यवसाय करणाऱ्या आणि वार्षिक उलाढाल 3 कोटी 60 लाख पौंड वा अधिक असलेल्या कंपनीने, आपल्या मालाच्या साखळीत गुलामगिरी नसावी म्हणून काय केले ते जाहीर करावे. गंमत अशी की, ‘काहीही केले नाही’ असे लिहिले तरी कायदा पाळला जातो! आपल्याकडे सेबीने 2022-23 पासून शेअरबाजारातील पहिल्या 1000 कंपन्यांस असा अहवाल सक्तीचा केला. परंतु माल पुरविणाऱ्यांकडे सक्तीची मजुरी आहे की नाही हे तपासल्याची माहिती त्यात ऐच्छिक ठेवली.

गोम येथेच आहे. आपले साखर कारखाने सहकारी. शेअरबाजाराशी त्यांचा संबंध नाही. बिस्किटांची कंपनी कारखान्यापर्यंत पाहते, कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, आणि मुकादमाच्या वहीपर्यंत कोणीच पोचत नाही. अहवाल खोटा नसतो, तो फक्त अलीकडेच थांबतो.

आपल्या सभासदांत माग चालविणारे आहेत, जरीकामाचे ठेके देणारे आहेत. त्यांच्यावर अहवालाचे बंधन नाही. तथापि ठेकेदारास चार गोष्टी विचारता येतात: उचल किती दिली, व्याज काय लावले, हिशेबाचा कागद मजुराच्या हाती आहे काय, आणि बाकी असताना त्यास गावी जाता येते काय. पाचवी गोष्ट बायकांची. कोयत्यातील अर्धे काम बाईचे असते, पण वहीत बहुधा नाव एकच, नवऱ्याचे.